तबकडी, बुरशी आणि पाठशुद्धी

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवली जाते तेव्हा उदाहरणे बहुधा ठरलेली असतात: ज्ञानेश्वरीच्या पोथ्या, गाथ्याची हस्तलिखिते, बखरींची बाडे. हे योग्यच आहे. परंतु विसाव्या शतकाकडे आलो की आपण पाठ म्हणजे छापील पान असे गृहीत धरतो, आणि तिथे आपली चूक होते. नाट्यपद, भावगीत, लावणी, पोवाडा, कोळीगीत या प्रकारांचा त्या शतकातील पाठ कागदावर जितका आहे, तितकाच, काही वेळा त्याहून अधिक, तबकडीवर आहे. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि जिच्या हाती कवितासंग्रह कधी पडला नसता अशा घरांत ती पोहोचली. मराठी भावगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला ही तबकडी वगळून चालत नाही. मग ती तबकडी आज कोणत्या अवस्थेत आहे, ती कोणी स्वच्छ केली, कशी केली, आणि करताना काय गमावले, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचे का नसावेत?

हे प्रश्न आत्ताच उपस्थित करण्याचे कारण एक यंत्र आहे. श्राव्यातीत म्हणजे अल्ट्रासॉनिक ध्वनीने वस्तू धुणारी पोलादी टाकी सराफांकडे, चष्म्याच्या दुकानांत आणि दंतवैद्यांकडे फार वर्षांपासून वापरात आहे. तिचाच उपयोग तबकड्या धुण्यासाठी होऊ लागला. युरोपात यासाठी बनलेली यंत्रे अत्यंत महाग आहेत. एस्टोनियातील डिग्रिटर हे यंत्र १२० किलोहर्ट्झवर चालते आणि त्याच्या किमतीत आपल्याकडे बरी दुचाकी येऊन वर काही उरावे. परंतु त्यामागोमाग स्वस्त यंत्रे आली. हाँगकाँगचे हमिंगगुरू हे ४० किलोहर्ट्झचे यंत्र त्यांतले एक. त्याहूनही स्वस्त मार्ग म्हणजे साधी सहा-सात लिटरची टाकी आणि तिच्यावर तबकडी संथपणे फिरवणारी छोटी मोटर. एकेकाळी मोठ्या ध्वनिसंग्रहालयांनाच शक्य असलेली गोष्ट आता एखाद्या शाळामास्तरांच्या आवाक्यात आली आहे.

यंत्राचे काम समजून घेणे कठीण नाही. टाकीच्या तळाला चिकटवलेले कंपक सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे हा ध्वनी आपल्यासाठी नाहीच. त्याच्या दाबाच्या चढउताराने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि क्षणार्धात मिटतात. मिटताना प्रत्येक बुडबुडा शेजारच्या पृष्ठभागाला एक बारीकसा धक्का देतो. असे असंख्य धक्के खोबणीतला मळ सोडवतात. एलपीची खोबण केसाच्या जाडीहूनही थोडी अरुंद असते आणि तिच्या भिंतींवरचे नक्षीकाम त्याहून कितीतरी बारीक. तिथे ब्रशचा केस नीट पोहोचत नाही, फडक्याचा तर प्रश्नच नाही, पाणी पोहोचते. जो ध्वनी ऐकू येत नाही, त्याच्या साहाय्याने ऐकू यायला हवा तो ध्वनी मोकळा करायचा, अशी ही योजना आहे.

आता हे यंत्र कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः रायगडच्या किनाऱ्यावर का महत्त्वाचे, ते पाहू. उरणपासून अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरीला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरणाऱ्या चाकरमान्याच्या सामानात कपडालत्ता, औषधे, पुस्तके असत, तसाच क्वचित ग्रामोफोनही असे. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत, माळ्यावर, देवघराच्या फडताळात, सत्त्याहत्तर बाळंतपणे पाहिलेल्या पेट्यांत तबकड्या निघतात: नाट्यपदांच्या जड लाखी तबकड्या, पुढल्या काळातल्या व्हायनलच्या एलपी, आणि सात इंची ईपी. किनाऱ्याच्या दृष्टीने या ईपी फार मोलाच्या. कोळीगीत हा प्रकार कोळीवाड्याबाहेर महाराष्ट्रभर पोहोचला तो आकाशवाणीइतकाच या छोट्या तबकड्यांमुळे. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारख्या लोकगायकांचा आवाज त्यांवर आहे. शांता शेळके यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चालीही आहेत. लोकांचे गाणे आणि लोकांच्या गाण्यावरून रचलेले गाणे, हे दोन्ही एकाच फडताळात सापडतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला याहून चांगला तुलनेचा पाठ कुठे मिळणार?

मात्र त्याच फडताळात बुरशीही सापडते. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या चार महिन्यांत मीठ पाझरते, पापड मऊ होतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी पावडर धरते. तबकडीचे कागदी पाकीट, त्यावर लागलेला हाताचा तेलकटपणा आणि बसलेली धूळ एवढे बुरशीला पुरते. तिचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे असतात. खोबणीतले उंच स्वर नेमके त्याच मापाने कोरलेले असतात. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन तालुक्यांत असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. छप्पर गेलेल्या घरात पहिली काळजी माणसांची आणि धान्याची; माळ्यावरच्या पेटीकडे लक्ष जाईपर्यंत आठवडे उलटतात. अशा पेट्या नंतर भंगारात गेल्या तर कोणाला दोष द्यावा? करड्या डागांनी भरलेली तबकडी पाहून ती निकामी झाली असे वाटणे साहजिक आहे. परंतु बुरशी वरवरची असेल तर व्हायनल बहुधा निकामी झालेले नसते. त्याला आंघोळ हवी असते. हे कळणे आणि न कळणे यांतल्या अंतरावर एखादा पाठ टिकतो किंवा जातो.

इथवर कोणी असहमत होईल असे वाटत नाही. वाद पुढे आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणाचे रसिक दोन पंथांत विभागलेले दिसतात. एका पंथाला तबकडीची खरखर प्रिय आहे. ती खरखर म्हणजे काळाचा स्पर्श, ती गेली तर बालगंधर्व आपल्याला परके वाटतील, अशी त्यांची भावना. दुसऱ्या पंथाला ती संपूर्ण नको असते. संगणकावरील प्रणाली लावून ते तिचा मागमूस पुसतात आणि गाणे 'काल रेकॉर्ड केल्यासारखे' झाले म्हणून समाधान पावतात. आमच्या मते दोन्ही पंथ एकच चूक करतात: ते खरखर ही एकच वस्तू आहे असे मानतात. वास्तविक तिच्यात किमान तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ: धूळ, बुरशी, बोटांचे तेल, उदबत्तीचा धूर. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो नव्हता, तबकडी छापताना नव्हता, आणि त्याचा गायकाशी काडीचाही संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे झीज आणि ओरखडे. हा ऐकण्याचा इतिहास आहे. जड पोलादी पिनांनी शेकडो वेळा वाजलेली तबकडी मोठ्या स्वरांच्या जागी फाटते. एलपीवर ठरावीक गाण्याच्या आरंभी सुई वारंवार टेकवल्याच्या खुणा असतात. घरातल्या माणसांना कोणते गाणे आवडे ते त्या सांगतात. लग्नाच्या मांडवात भाड्याने वाजणाऱ्या तबकड्यांची झीज घरगुती तबकड्यांहून निराळी असते. तिसरी गोष्ट तबकडीच्या द्रव्याची. लाखी तबकडीत लाखेबरोबर दगडाची भुकटी, काजळी आणि सुताचा तंतू घालीत. ही भुकटीच पिनेखाली कुरकुरते. म्हणजे कारखान्यातून त्याच दिवशी आलेली कोरी तबकडीसुद्धा खरखरत असे, आणि पहिल्या श्रोत्याने गाणे त्या खरखरीसह ऐकले होते.

पोथीच्या भाषेत सांगायचे तर पहिली गोष्ट म्हणजे कसर आणि धूळ, दुसरी म्हणजे समासातल्या नोंदी आणि पाने उलटून पडलेले अंगठ्याचे डाग, आणि तिसरी म्हणजे कागदाचा मूळ पोत. कोणताही जाणता संपादक पहिलीला झटकतो, दुसरीची नोंद घेतो आणि तिसरीला हात लावीत नाही.

श्राव्यातीत यंत्राविषयी आमचे मत अनुकूल होते ते याच कारणाने. हे यंत्र केवळ पहिली गोष्ट काढते. त्याला दुसरी आणि तिसरी काढताच येत नाही. ओरखडा धुऊन जात नाही. झिजलेला स्वर भरून येत नाही. लाखेतली भुकटी लाखेतच राहते. स्वस्त यंत्र विकत घेणारे कित्येक जण याच कारणाने नाराज होतात. इतके पैसे खर्चून 'टक्‌ टक्‌' गेलीच नाही, अशी त्यांची तक्रार असते. आम्हांला ती तक्रार यंत्राच्या प्रशस्तिपत्रासारखी वाटते. ते जे उरवते ते उरायलाच हवे होते.

संगणकावरील खरखर-निवारण ही याहून सर्वस्वी वेगळी क्रिया आहे. तिथे प्रणाली आवाजाचा एक तुकडा खरखर म्हणून ठरवते, तो काढते आणि रिकाम्या जागी शेजारच्या ध्वनीवरून अंदाजाने काहीतरी भरते. पाठचिकित्सेत याला अनुमानित पाठ म्हणतात. अनुमान करू नये असे नाही. तुटलेल्या ओळी जुळवताना मोठमोठ्या संपादकांनी ते केले आहे. मात्र ते चौकटी कंसात टाकायचे असते. ध्वनीला चौकटी कंस नसतो. ऐकणाऱ्याला मूळ कोणते आणि भरलेले कोणते ते कळत नाही. तंबोऱ्याची आस, सारंगीचे घर्षण, 'स' आणि 'श' यांच्या उच्चारातला वारा यांचा पोत खरखरीच्या जवळचा असतो. धसमुसळ्या सफाईत प्रथम जातात ते हेच. 'श' आणि 'ष' यांचा उच्चार एखादी गायिका वेगळा करीत असे की नाही हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या पुसलेल्या वाऱ्यात होते.

अशीच कात्री आणखी एका ठिकाणी चालते. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्या आरंभीच्या काळातील गायक-गायिका गाण्याच्या अखेरीस आपले नाव मोठ्याने उच्चारीत. मुद्रित मेण परदेशी, हानोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगतात. गौहर जान यांची ही घोषणा प्रसिद्धच आहे. आता संगणकावर उतरवताना अनेक जण ही घोषणा 'गाण्याचा भाग नाही' म्हणून छाटतात. अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्रा काव्याचा भाग आहे की नाही, असा प्रश्न आपण विचारतो का? घोषणेचे कारण व्यापारी असेल. पण त्या तीन मिनिटांच्या रचनेचा तो शेवटचा चरण आहे. धुण्याचे यंत्र तो काढू शकत नाही, ही त्याची आणखी एक थोरवी.

असो. यंत्राची बाजू घेतल्यावर त्याचे धोकेही सांगणे प्राप्त आहे. ते लहान नाहीत, आणि यंत्र स्वस्त झाल्याने ते वाढले आहेत, कारण महाग यंत्र विकत घेणारा सहसा माहिती काढून घेतो. स्वस्त यंत्र आणणारा पेटी उघडून थेट पाणी ओततो.

पहिला धोका द्रव्य न ओळखण्याचा. व्हायनलसाठी लिहिलेल्या अनेक कृतींत पाण्यात थोडे अल्कोहोल घालावे असे असते. लाखी तबकडीला अल्कोहोल म्हणजे मृत्यू. यासाठी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. कोणत्याही सुताराला विचारावे. फ्रेंच पॉलिश करताना तो चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो. तीच लाख, तेच स्पिरिट. आपल्या देशात लाखी तबकड्या १९६०च्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या, त्यामुळे घरच्या साठ्यात त्या व्हायनलच्या शेजारीच मांडलेल्या असतात. वजन हातात घेऊन पाहावे, नखाने वाजवून पाहावे, ७८ फेऱ्यांचा आकडा पाहावा. लाखी तबकडीला साधे थंड ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणद्रव्याचे थेंब, मऊ ब्रश आणि थोडाच वेळ एवढे पुरते. तडा गेलेली, कपचे उडालेली किंवा आत कागदाचा थर असलेली तबकडी यंत्रात घालूच नये. व्हायनलच्या बाबतीतही तापणाऱ्या टाकीत अल्कोहोल घालणे म्हणजे घरात आगीला आमंत्रण; ते टाळावे.

दुसरा धोका उष्णतेचा. कंपनाने पाणी आपोआप तापत जाते. सराफाच्या टाकीला तर वेगळा तापकही असतो, आणि सोन्याला साठ अंश चालतात म्हणून ते तबकडीला चालत नाहीत. पस्तीस अंशांच्या आसपास थांबावे. मे महिन्यात अलिबागला नळाचे पाणीच तीस अंशांवर असते, हे ध्यानात घ्यावे. तिसरा धोका पाण्याचाच. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी बहुधा मचूळ. ते खोबणीत वाळले की क्षार मागे राहतात, म्हणजे एक मळ काढून दुसरा भरल्यासारखे. बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, ताजे पाणी ओतल्यावर यंत्र काही मिनिटे रिकामेच चालवून विरघळलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने खळखळून तबकडी सावलीत उभी वाळवावी. धुतलेली तबकडी पुन्हा त्याच बुरसटलेल्या पाकिटात सारणे हा तर सगळ्यांत सामान्य प्रमाद. पाकीट टाकून मात्र देऊ नये. ते वेगळे ठेवावे. का, ते पुढे सांगतो.

चौथा धोका आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर, आणि यंत्रांच्या माहितीपत्रकांत त्याला एखादी ओळ मिळते. तो लेबलाचा. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायकाचे नाव, गीतकार, संगीतकार, नाटकाचे नाव, रागाचे नाव, कंपनीचा अनुक्रमांक असतो. त्याशिवाय कुणाच्या तरी मालकीचा शिक्का, दुकानदाराचे रबरी नाव, लग्नात भेट दिल्याची शाईची ओळ. यंत्राबरोबर येणारे रबरी झाकण चांगले बसले नाही तर पाणी आत शिरते, शाई फुटते, कागद फुगतो. ग्रंथाची सगळी पाने जपली आणि शीर्षकपृष्ठ धुऊन टाकले, अशी ती अवस्था होय. विशेषतः ईपींच्या बाबतीत हे घातक आहे. कारण छोट्या कंपन्यांनी काढलेल्या कोळीगीतांच्या तबकड्यांची सूची पूर्ण झालेली नाही, आणि कित्येकदा लेबल हाच गीतकाराच्या नावाचा एकमेव पुरावा असतो. लोककवीचे नाव आधीच दुर्लक्षित. ते आपण आपल्या हाताने पुसायचे?

लेबलाखेरीज तबकडीच्या अंगावर, खोबण संपते तिथल्या गुळगुळीत कड्यात, एक क्रमांक कोरलेला असतो. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. त्यावरून मूळ मुद्रण कोणते आणि कितव्या वेळचे ते समजते. एकाच गीताचे दोन-तीनदा मुद्रण होई. कधी वेगवेगळ्या वेळी छापलेल्या, पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तबकड्यांवर निरनिराळी मुद्रणे असत. म्हणजे हे सरळसरळ पाठभेद आहेत. मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये सिद्ध केली. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून हे काम अनेक वर्षे चालवले. या सूचींचा पाया म्हणजे असे बारीक कोरलेले आकडे आणि लेबले. आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनी या कामाकडे संग्राहकांचा छंद म्हणून पाहिले. हा छंद नसून आधुनिक मराठी गीताची प्रत-सूची आहे, हे आता तरी मान्य व्हावे.

पाठशुद्धीचा आपला सर्वांत थोर वारसा एकनाथांचा. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्या कामाविषयीची आमची कृतज्ञता कमी होण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच तो ग्रंथ एकसंध रूपाने पुढे आला. परंतु त्यांनी ज्या प्रती समोर ठेवल्या त्या आज आपल्यासमोर नाहीत, आणि त्यांनी काय काढले, काय ठेवले याची यादीही नाही. म्हणूनच राजवाड्यांना १९०९ मध्ये आपण एकनाथपूर्व पाठ देत आहोत असे म्हणून वेगळी ज्ञानेश्वरी छापावी लागली, आणि म्हणूनच तो वाद आजही चालतो. याउलट भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वि. सी. सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने वगळलेले पाठ पृष्ठाच्या तळाशी किंवा परिशिष्टात नोंदले गेले. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही, त्याला आपला निर्णय करण्याची सामग्री त्याच आवृत्तीत मिळते. सोळाव्या शतकातील संतकवीकडून तळटिपांची अपेक्षा करणे हास्यास्पद. पण हातात मोबाइल कॅमेरा असलेल्या आपणांकडून ती करणे हास्यास्पद नाही.

याच शिस्तीचे एक उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावरच उभे आहे, आणि ते साहित्यातले नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि त्यांच्या विद्युत्प्रवाहाने ही नाजूक मोजणी बिघडणार हे उघड झाले. तेव्हा नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवले. १९०४ मध्ये तिथली मोजणी सुरू झाली. यातला आम्हांला मोलाचा वाटणारा भाग पुढचा. अलिबागची उपकरणे चालू झाली म्हणून कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुन्या मालिकेला नवी मालिका कशी जोडायची ते पुढच्यांना कळावे. कोलाहलापासून दूर जायचे, पण जाताना मागचा दुवा तुटू द्यायचा नाही. ध्वनिमुद्रिका धुणाऱ्याने याहून वेगळे काय करायचे असते?

तेव्हा आमचे म्हणणे असे. यंत्र घ्यावे, पण घराघरांत एकेक घेण्यापेक्षा तालुक्याच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाने घ्यावे. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येथे एकेक यंत्र असले तरी किनारा पुरेसा सांभाळला जाईल. धुण्याआधी चार गोष्टी कराव्यात. तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांची आणि पाकिटाची छायाचित्रे घ्यावीत. मॅट्रिक्स क्रमांक टॉर्चच्या तिरक्या प्रकाशात वाचून लिहावा. घरच्या माणसांना तबकडी कुठून आली, केव्हा वाजत असे ते विचारून त्यांच्याच शब्दांत टिपावे. आणि तबकडीची अवस्था सुईला इजा होण्यासारखी नसेल तर एकदा, धुण्याआधी, ती आहे तशी उतरवून घ्यावी. मग धुवावी, पुन्हा उतरवावी, आणि दोन्ही प्रती जपाव्यात. तबकडी ज्याची त्याला परत द्यावी. एका विद्यार्थ्याने एका सत्रात पन्नास तबकड्या अशा रीतीने नोंदल्या, तर तो प्रकल्प आज सादर होणाऱ्या बहुतेक प्रकल्पांहून अधिक काळ उपयोगी पडेल.

यावर दोन आक्षेप येतील. वाचनालयांना मासिके घ्यायला पैसे नाहीत, तिथे यंत्र कुठून? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आमच्याकडे चतुर उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की या यंत्राचा खर्च एखाद्या व्याख्यानमालेच्या मांडवाहून फार निराळा नसावा, आणि मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. दुसरा आक्षेप असा की बहुतेक गाणी आता महाजालावर ऐकायला मिळतात. मग या मळक्या तबकड्यांचा खटाटोप कशाला? मिळतात हे खरे. पण तिथे जे मिळते ते कोणत्या मुद्रणावरून घेतले, कोणी साफ केले, कुठे छाटले, याची नोंद बहुधा नसते. अशी प्रत आनंदासाठी पुरते, अभ्यासासाठी पुरत नाही. शिवाय तिथे बालगंधर्व मिळतील. पण एखाद्या छोट्या कंपनीने काढलेली, एखाद्या कोळीवाड्याबाहेर फारशी न गेलेली ईपी मिळेलच असे नाही. तिची शेवटची प्रत कदाचित रेवदंड्याच्या एखाद्या माळ्यावर या पावसाळ्यात बुरशी धरत असेल.

मराठीत 'पिन अडकली' हा वाक्प्रचार ग्रामोफोनने दिला. तो वापरणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने अडकलेली पिन ऐकलेली नसते, तरी शब्द चालू आहे. शब्दाचे हे असे असते. वस्तू गेली तरी तो काही काळ तगतो. आवाजाचे तसे नाही. खोबण गेली की आवाज गेला. तो वाचवण्याचे एक साधे, बऱ्यापैकी स्वस्त आणि आपल्या मर्यादेत राहणारे साधन हाताशी आले आहे. ते वापरताना धुणाऱ्याने स्वतःला संपादक समजावे आणि वही उघडून मगच पाणी भरावे, एवढीच आमची विनंती आहे.